हवेतलं मायक्रोप्लास्टिक मोजताय? आधी स्वतःची धूळ मोजा

गच्चीवर भांडं ठेवायचं, आठवड्याने आत पडलेली धूळ गाळायची, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील ते रंगीत धागे मोजायचे आणि आकडा जाहीर करायचा. शहराच्या हवेतल्या मायक्रोप्लास्टिकवरचे बरेच प्रकल्प असेच उरकले जातात. त्यांतले कित्येक धागे आकाशातून पडलेले नसतात, मोजणाऱ्याच्या बाहीवरून पडलेले असतात.

हे किती महागात पडतं ते आधीच पाहू. २० सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं सात दिवस ठेवलं, तर त्यात पडलेला एक धागा हिशोबात ‘दर चौरस मीटरला दर दिवशी साडेचार धागे’ होतो. बाहीवरचे दहा धागे निसटले की शहराच्या नावावर पंचेचाळीस चढले. म्हणून पुढच्या टप्प्यांत नमुना गोळा करण्यावर कमी आणि नमुना न बाटवण्यावर जास्त भर आहे.

टप्पा १ : नेमकं काय मोजणार ते कागदावर लिहा

मायक्रोप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिक. ही झाली वरची मर्यादा. खालची मर्यादा तुमच्या साधनांवर ठरते. साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाने डोळ्यांनी निवड करणार असाल, तर सुमारे १०० मायक्रोमीटरच्या (०.१ मिलिमीटरच्या) खालच्या कणांबद्दल काही बोलू नका. सूक्ष्म एफटीआयआर यंत्र (अवरक्त प्रकाशाने कण कशाचा बनलाय ते ओळखणारं) मिळणार असेल तर १० ते २० मायक्रोमीटरपर्यंत जाता येतं, आणि रामन यंत्राने (लेसर वापरून तेच काम करणाऱ्या) सुमारे १ मायक्रोमीटरपर्यंत. मर्यादा आधी ठरवा. मोजून झाल्यावर ठरवली, तर ती सोयीची ठरते.

दुसरा निर्णय पद्धतीचा. वरून पडणारं मोजायचं असेल तर नरसाळं आणि बाटली. हवेत तरंगणारं मोजायचं असेल तर पंपाने ठरावीक हवा फिल्टरमधून ओढावी लागते आणि उत्तर दर घनमीटरमध्ये येतं. ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि एकातून दुसरं काढता येत नाही. ‘गच्चीवर इतके कण पडले, म्हणजे माणूस रोज इतके कण श्वासात घेतो’ हे वाक्य म्हणूनच चूक आहे. भांड्यात पडणाऱ्या मोठ्या धाग्यांपैकी बरेचसे फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोचत नाहीत. हा लेख नरसाळ्याच्या पद्धतीचा आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

टप्पा २ : सामान जमवा, प्लास्टिक बाहेर काढा

स्टीलचं किंवा काचेचं नरसाळं, काचेची बाटली, धातूची चाळणी, काचेचे बीकर, धातूचा चिमटा, झाकायला अ‍ॅल्युमिनियम फॉइल, काचतंतूचे फिल्टर पेपर, झाकणासह काचेच्या पेट्री डिश. यादी छोटी आहे, पण फसायला होतं ते यादीत नसलेल्या वस्तूंमुळे: पाण्याची दाबायची पिचकारी प्लास्टिकची असते, बाटलीचं बूच प्लास्टिकचं असतं, टेबल पुसायचा स्पंज प्लास्टिकचा असतो. पिचकारी काचेची किंवा धातूची घ्या, बुचाखाली फॉइल लावा, टेबल सुती कापडाने पुसा.

धुण्यासाठी वापराल ते सगळं पाणी आधी बारीक काचतंतू फिल्टरमधून गाळा. डिस्टिल्ड वॉटरसुद्धा. त्याचा डबा प्लास्टिकचाच असतो. रसायनंही गाळूनच वापरा. काचेचं सामान गाळलेल्या पाण्याने तीनदा विसळा आणि लगेच फॉइलने झाका. भट्टी उपलब्ध असेल तर फिल्टर पेपर ४५० अंश सेल्सिअसला काही तास भाजून घ्या, त्यावरचे सगळे सेंद्रिय धागे जळून जातात.

अंगावर सुती कपडे हवेत, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढची युक्ती अशी, की वरचा सुती कोट भडक आणि शहरात सहसा न दिसणाऱ्या रंगाचा घ्या. नारिंगी उत्तम. मग नमुन्यात नारिंगी धागा दिसला की तो कुठून आला, हे वेगळं शोधावं लागत नाही. पांढरा कोट सगळ्यात वाईट, कारण पांढरे आणि बिनरंगी धागे शहराच्या धुळीत असतातच.

*सावधान:* हातमोज्यांवर, ते साच्यातून सहज सुटावेत म्हणून लावलेले, स्टिअरेट नावाचे पदार्थ असतात. त्यांचे कण एफटीआयआरमध्ये पॉलिइथिलीनसारखेच दिसतात. रसायनं हाताळताना हातमोजे घालायचेच, पण फिल्टर पेपरला आणि नमुन्याला हातमोज्याचं बोट लागू देऊ नका. ते काम चिमट्याचं.

टप्पा ३ : ब्लँक आधी

बहुतेक जण ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवाय केलेली तीच प्रक्रिया, शेवटी करतात, किंवा परीक्षकाने विचारल्यावर. क्रम उलटा करा. खरा नमुना घ्यायच्या आधी फक्त गाळलेलं पाणी घेऊन पुढचे सगळे टप्पे एकदा पार पाडा आणि फिल्टरवर किती धागे येतात ते मोजा. त्यात पंधरा-वीस धागे निघाले तर नमुना घ्यायची घाई करू नका, आधी गळती शोधा.

माझा पहिला ब्लँक निळ्या धाग्यांनी भरला होता. कोट बदलला, टेबल पुसलं, पंखा बंद केला, तरी निळे धागे येतच राहिले. आठवडाभराने लक्षात आलं की ज्या खुर्चीवर बसून मी सूक्ष्मदर्शकात बघत होतो, तिचं आवरण निळ्या पॉलिएस्टरचं होतं. उठलं-बसलं की धागे उडत. लाकडी स्टूल आणलं आणि पुढच्या ब्लँकमध्ये एकही निळा धागा आला नाही. ही खुर्ची सापडायच्या आधी मी चार नमुने मोजले होते. चारही टाकून द्यावे लागले.

तीन प्रकारचे ब्लँक लागतात:

१. प्रक्रियेचा ब्लँक. नमुन्याबरोबर, त्याच दिवशी, त्याच रसायनांनी. किमान तीन.

२. जागेवरचा ब्लँक. तसंच दुसरं नरसाळं आणि बाटली, वरून फॉइलने घट्ट झाकून, खऱ्या नमुन्याच्या शेजारी तितकेच दिवस. खरा नमुना मांडताना आणि उतरवताना तेवढा वेळ याचंही झाकण काढायचं.

३. हवेचा ब्लँक. काम चालू असताना शेजारी उघडी ठेवलेली ओली फिल्टर डिश. मोजणी चालू असताना हीसुद्धा उघडीच हवी. मोजायला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांत खोलीतली धूळ पडतच असते.

टप्पा ४ : जागा निवडा, मांडणी करा

रस्त्याच्या पातळीपेक्षा गच्ची बरी. पण गच्चीवर प्लास्टिकचे आपलेच कारखाने असतात: उन्हाने भुगा होऊ लागलेली पाण्याची टाकी, फाटकी ताडपत्री, हिरवी जाळी, नायलॉनची दोरी, वाळत घातलेले कपडे, गळती थांबवायला मारलेल्या रंगाचे पापुद्रे, एसीची गरम हवा. यांपासून जमेल तितकं लांब राहा. लांब जाता येत नसेल तर प्रत्येकाचा छोटा तुकडा डबीत घालून ठेवा, पुढे रंग आणि पोत जुळवून बघायला कामी येतो. ही डबी मला नेहमी लागते.

नरसाळ्याची कड गच्चीच्या जमिनीपासून दीड ते दोन मीटर वर असावी. जमिनीवर ठेवलं तर पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर गच्चीचीच धूळ आत जाते. भिंत किंवा कठडा कडेपेक्षा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडा. पर्जन्यमापकाचा हा नियम इथेही चालतो.

पावसाचा हिशोब मांडल्याशिवाय बाटली निवडू नका. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यात दर मिलिमीटर पावसाला सुमारे ३१ मिलिलिटर पाणी जमतं. आठवड्यात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ३ लिटरच्या वर. २ लिटरची बाटली तेव्हा ओसंडते, आणि ओसंडणारं पाणी वर तरंगणारं प्लास्टिक सगळ्यात आधी घेऊन जातं. बाटली ओसंडली असेल तर तो नमुना अंदाजाने दुरुस्त करत बसू नका, बाद करा.

कोरड्या दिवसांत उलट अडचण येते. नरसाळ्यात पडलेले धागे वाऱ्याने परत उडतात. म्हणून नरसाळं उथळ नको, उभ्या भिंतीचं खोल हवं.

*तपासा:* वहीत मांडल्याची तारीख-वेळ, कडेचा आतला व्यास (दोन ठिकाणी मोजून), वारा, पाऊस आणि गच्चीवर त्या आठवड्यात झालेलं कुठलंही काम नोंदलं का? शेजारच्या इमारतीचं रंगकाम चालू असेल तर तेसुद्धा.

टप्पा ५ : नमुना उतरवा

इथे घाई नडते. पडलेले बरेच धागे बाटलीत नसतात, नरसाळ्याच्या भिंतीला चिकटलेले असतात. गाळलेल्या पाण्याने वरून खाली, गोल फिरवत, तीनदा धुवा आणि ते सगळं पाणी त्याच बाटलीत घ्या. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे तुमच्या कपड्यांवरचं मागे उडेल. बाटलीवर फॉइल, मग बूच. नावाची चिठ्ठी बाहेरून.

पानं, किडे, पिसं मोठ्या छिद्राच्या धातूच्या चाळणीत अडकतील. ती तशीच फेकू नका. प्रत्येक पान चाळणीवरच धुऊन मग टाका. खरबरीत पानावर धागे हमखास अडकलेले असतात.

टप्पा ६ : सेंद्रिय कचरा जिरवा

शहराच्या धुळीत परागकण, किड्यांचे पाय, बुरशी असं बरंच असतं. ते काढल्याशिवाय प्लास्टिक दिसत नाही. ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ५० अंशांच्या आसपास, एक ते दोन दिवस, हा सुरक्षित मार्ग. नमुना आधी गाळून थोड्या पाण्यात घ्या, नाहीतर पेरॉक्साइड पातळ होऊन काहीच होणार नाही.

*सावधान:* तापमान ६० अंशांवर जाऊ देऊ नका, काही प्लास्टिकना ते सोसत नाही. लोह घालून प्रक्रिया वेगवान करण्याची रीत आहे, पण तिच्यात उष्णता झपाट्याने वाढते आणि फेस उतू जातो. ती करायचीच असेल तर बर्फाचं पाणी शेजारी हवं. भांड्याचं तोंड कधीही घट्ट बंद करू नका, वायू बाहेर पडला पाहिजे. फॉइल सैल ठेवा. डोळ्यांवर चष्मा, हातात हातमोजे, आणि हवा खेचणाऱ्या कपाटातच काम.

लवकर व्हावं म्हणून नायट्रिक आम्ल वापरणारे भेटतात. त्याने नायलॉन विरघळतं. गरम, तीव्र अल्कलीने पॉलिएस्टर खराब होतं. म्हणजे जे शोधायला निघालो तेच आपण संपवतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: पेरॉक्साइडने सुती धागे जात नाहीत. त्यांचा रंग मात्र उडू शकतो. ‘प्रक्रियेनंतर टिकला, म्हणजे प्लास्टिकच’ हा तर्क खोटा आहे.

टप्पा ७ : गरज असेल तरच घनतेने वेगळं करा

जड मिठाच्या द्रावणात प्लास्टिक तरंगतं, माती तळाला बसते. पण प्रत्येक जादा भांडं म्हणजे जादा धागे. नमुन्यात माती कमी असेल आणि फिल्टर स्वच्छ दिसत असेल तर हा टप्पा सरळ वगळा. रस्त्याजवळचा किंवा बांधकामाजवळचा नमुना असेल तर मात्र तो लागतोच.

इथली सगळ्यात मोठी चूक साध्या मिठाची. मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता सुमारे १.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. पॉलिप्रॉपिलीन ०.९, पॉलिइथिलीन ०.९१ ते ०.९७, पॉलिस्टायरीन १.०५, नायलॉन १.१४, हे सगळे तरंगतात. पॉलिएस्टर १.३८. ते बुडतं. शहराच्या हवेतला कपड्यांचा प्लास्टिक धागा म्हणजे बऱ्याचदा पॉलिएस्टर, आणि तोच तळाच्या गाळाबरोबर टाकून दिला जातो. झिंक क्लोराइडचं १.६ घनतेचं द्रावण घ्या.

*तपासा:* १० मिलिलिटर द्रावण मोजून तराजूवर ठेवा. १६ ग्रॅम भरलं पाहिजे. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, पुन्हा पुन्हा वापरलेलं द्रावण पातळ होत जातं.

झिंक क्लोराइड त्वचेला भाजतं आणि जलचरांना विषारी असतं. ते मोरीत ओतायचं नाही. गाळून पुन्हा वापरायचं, आणि शेवटी रासायनिक कचऱ्यात द्यायचं.

टप्पा ८ : गाळा आणि झाका

वरचा थर (टप्पा ७ वगळला असेल तर सगळा नमुना) काचतंतू फिल्टरवर घ्या, भांड्याच्या भिंती तीनदा धुवा, फिल्टर पेट्री डिशमध्ये ठेवून झाका आणि झाकूनच वाळू द्या. पुढे एफटीआयआर करायचं असेल तर काचतंतू नको, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा फिल्टर लागतो. हे आधी विचारून ठेवा, फिल्टर बदलायचा म्हणजे पुन्हा कण सांडायचे.

नाइल रेड नावाचा रंग टाकला की बरंच प्लास्टिक निळ्या प्रकाशात, नारिंगी गाळणीतून, चमकतं. लहान बिनरंगी तुकडे शोधायला तो छान. पण चरबी आणि अर्धवट जिरलेला कचराही चमकतो, पॉलिएस्टर मंद चमकतं आणि टायरचे काळे कण अजिबात चमकत नाहीत. चमक म्हणजे फक्त इशारा.

टप्पा ९ : सूक्ष्मदर्शकाखाली

फिल्टरवर पेन्सिलीने चौकटी आखा आणि नांगरट केल्यासारखं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. इकडेतिकडे बघत मोजलं की रंगीत धागे दोनदा मोजले जातात आणि बिनरंगी सुटतात.

धाग्याकडे घाई न करता बघा. कापसाचा धागा चपट्या फितीसारखा असतो आणि मध्येमध्ये पिळलेला दिसतो. लोकरीवर खवले असतात. व्हिस्कोजवर (लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात बनवलेल्या धाग्यावर) लांबीच्या दिशेने रेघा असतात. पॉलिएस्टरचा धागा टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा, आणि भिंग वाढवलं की त्यात बारीक काळे ठिपके दिसू शकतात. चमक कमी करण्यासाठी घातलेल्या टायटेनियम डायऑक्साइडचे ते कण. हे ठिपके दिसले की धागा कारखान्यात बनलेला, एवढं नक्की म्हणता येतं. पण व्हिस्कोजमध्येही ते असू शकतात, म्हणून त्याहून जास्त म्हणू नका.

तापलेली सुई जवळ नेली की प्लास्टिक आकसतं किंवा वितळतं. सुती धागा तसा वितळत नाही. चाचणी स्वस्त आहे, पण कण नष्ट होतो. आधी फोटो काढा, आणि यंत्राकडे पाठवायच्या कणांना सुई लावू नका.

टप्पा १० : ओळख पटवा

एवढ्यावर थांबलात तर तुमच्या यादीचं नाव ‘संशयित मायक्रोप्लास्टिक’. ‘संशयित’ हा शब्द गाळायचा असेल तर रासायनिक तपासणी हवीच. पॅरिसमधल्या २०१६ च्या अभ्यासात आकाशातून पडणाऱ्या धाग्यांचं प्रमाण दर चौरस मीटरला दर दिवशी २ ते ३५५ होतं, पण तपासलेल्या धाग्यांपैकी फक्त सुमारे २९ टक्क्यांत खनिज तेलापासून बनलेला घटक निघाला. बाकीचे कापूस, लोकर वगैरे. मोठा आकडा तेवढा उचलून ‘पॅरिसवर रोज इतकं प्लास्टिक पडतं’ असं लिहिणारे कमी नाहीत.

सगळे कण तपासणं परवडत नाही, हे मान्य. मग निवड चिठ्ठ्या टाकून करा. ठळक लाल-निळे धागे उचलून पाठवले की प्लास्टिकचं प्रमाण आपोआप फुगतं. यंत्राने ७० टक्के जुळणी दाखवली की ‘झालं’ म्हणू नका, आलेख डोळ्यांनी बघा. पॉलिएस्टरला १७१५ च्या आसपास (आलेखावरचे हे आकडे तरंगसंख्येचे, प्रति सेंटिमीटर) कार्बोनिलचं टोकदार शिखर दिसलं पाहिजे. ३३०० जवळ रुंद फुगवटा आणि १०३० जवळ मोठं शिखर असेल तर तो सेल्युलोज, म्हणजे कापसाचा मूळ घटक, यंत्र काहीही नाव देवो.

टायरची झीज हा शहरातला मोठा स्रोत, पण त्यातल्या कार्बन ब्लॅकमुळे (काजळीसारख्या काळ्या भुकटीमुळे) एफटीआयआरला ती नीट दिसत नाही. तिला तापवून विघटन करणारी वेगळी पद्धत लागते. ती नसेल तर अहवालात सरळ लिहा: टायरचे कण या मोजणीत नाहीत.

टप्पा ११ : हिशोब

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. २० सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर, ७ दिवस. नमुन्यात ४५ धागे. तीन ब्लँकमध्ये ४, ६ आणि ८.

ब्लँकची सरासरी ६, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते) २. सरासरीत विचलनाची तिप्पट मिळवली की १२. ही झाली शोधमर्यादा. नमुना १२ च्या खाली असता तर उत्तर ‘आढळलं नाही’ एवढंच. ४५ बराच वर आहे, म्हणून ४५ वजा ६ म्हणजे ३९. त्याला ०.०३१४ आणि ७ ने भागलं की १७७.

आता यातले प्लास्टिक किती? चिठ्ठ्या टाकून तपासलेल्या ३० पैकी १८ प्लास्टिक निघाले, म्हणजे ६० टक्के. ब्लँकमधल्या धाग्यांतही हेच प्रमाण होतं असं धरू. मग १७७ चे १०६.

शेवटी परतावा. ओळखीचे ५० रंगीत कण मुद्दाम स्वच्छ पाण्यात टाकून पूर्ण प्रक्रिया केली आणि ४२ परत मिळाले, म्हणजे ८४ टक्के. १०६ ला ०.८४ ने भागलं की साधारण १२६. मी दोन्ही आकडे छापतो, १०६ आणि १२६. परताव्याची चाचणी बहुधा मोठ्या, गुळगुळीत कणांवर होते आणि बारीक धागे तितके परत मिळत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या आकड्यावर माझा पूर्ण भरवसा नसतो.

*तपासा:* चाचणी-कणांचा रंग आणि आकार नमुन्यातल्या कणांत मिसळणार नाही असाच आहे ना? नाहीतर तेच पुढच्या मोजणीत प्रदूषण म्हणून उगवतात.

मग इतर शहरांशी तुलना करायचा मोह होतो. लंडनच्या मध्यभागी ५७५ ते १,००८, हॅम्बुर्गमध्ये मध्यक १३६.५ ते ५१२, चीनच्या डोंगगुआनमध्ये १७५ ते ३१३, सगळे दर चौरस मीटर दर दिवशी. ही उतरंड प्रदूषणाची आहे असं समजू नका. कोणी किती बारीक कणांपर्यंत मोजलं आणि धाग्यांपैकी किती तपासले, यावर आकडा कितीतरी पट बदलतो. तुमच्या तक्त्यात आकड्याशेजारी पाच रकाने ठेवा: लहानात लहान मोजलेला आकार, ब्लँकची सरासरी, शोधमर्यादा, परतावा आणि किती कणांची रासायनिक ओळख पटवली. दुसऱ्याच्या अभ्यासात हे पाचही सापडले, तरच त्याचा आकडा तुमच्या शेजारच्या ओळीत लिहा.